वाढत्या अंगाचं

किसुमूच्या किबुये बाजारात, पत्र्याखाली,
झब्लोन ओदेराचं शिलाई मशीन,
आणि त्याच्या डाव्या हाताला माझी टोपली:
बटणं, हुक, नाडी, सुटं इलॅस्टिक.
जानेवारीत शाळा उघडायच्या आत
तो डोरकासबाईंच्या घरातल्या मुलांचे गणवेश शिवतो.
शिलाई घेत नाही. दोऱ्याचे घेतो.
दोरा काही मी पिकवत नाही, म्हणतो.

घर म्हणजे सरोवराकडच्या उतारावर तीन खोल्या,
एक टाकी, एकतीस मुलं.
कोणी बसस्टँडवरून आलेलं, कोणी मासळीच्या धक्क्यावरून,
कुणाच्या बाहीला अजून
चपला चिकटवायच्या गमचा वास.

रांग लागते. झब्लोन टेप काढतो.
टेपचं टोक झिजून दोन सेंटिमीटर गेलेत,
तो ते मनात धरूनच मोजतो.
आणि प्रत्येक चड्डीला आतून चार बोटं कापड जास्त.
वाढत्या अंगाचं, म्हणतो.

मी म्हटलं, एवढ्यात आणखी चार चड्ड्या निघतील.
तो म्हणाला, मग पुढच्या वर्षी ही पोरं
इथे नसतील, असं धरून शिवू?

मी गप्प. बटणं मोजून दिली.
माझी दानत बटणाएवढीच,
तीही वहीत मांडलेली.

गेल्या वर्षी एक नवा होता.
नाव?
ओडोंगो.

आमच्यात हे नाव कुणी हौसेनं ठेवत नाही.
जुळ्यातला मागून येतो तो ओडोंगो,
आधी आलेला ओपियो.
एकानं नाव सांगितलं
की दोघांचं सांगून होतं.
डोरकासबाई रजिस्टरमध्ये उगाच काही शोधू लागल्या.
पोरगा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

झब्लोननं विचारलं नाही.
कंबर लिहिली, उंची लिहिली,
आणि त्याच मापाच्या दोन चड्ड्या बेतल्या.
एक दिली.
एक खिळ्याला.

कुणी गिऱ्हाईक विचारायचं, ही केवढ्याला?
गिऱ्हाईक झालंय तिचं, म्हणायचा.

या जानेवारीत ओडोंगो आला, गुडघे उघडे.
झब्लोननं दुमड उसवली, दोन बोटं सोडली.
जुन्या घडीखालचं कापड गडद निळं निघालं,
ऊन न बघितलेलं.
पोरगा त्या पट्टीवरून बोट फिरवत गेला,
रस्ता ओलांडेपर्यंत.

मग झब्लोननं खिळ्यावरची उतरवली.
झटकली. एकाच बाजूनं विटली होती,
पत्र्याच्या भोकातून ऊन येतं तेवढीच.
तिचीही दुमड उसवली,
तिचीही दोन बोटं सोडली,
कोळशाची इस्त्री फिरवली.

तेव्हा दिसलं, तिला बटणच नव्हतं.
वर्षभर मीच दिलं नव्हतं.
टोपलीत हात घातला. निळी संपलेली.
काळं चालेल का, विचारलं.

आला की विचारू त्याला, म्हणाला झब्लोन,
आणि सुईत दोरा ओवायला
उजेडाकडे वळला.