निरो

वाळपईला बँकेची हिशेबतपासणी.
परतीची बस चुकली, म्हणून
शाणू गावकरच्या भट्टीपाशी टेकलो.
पाणी मागितलं.

त्याच्या आईनं पेल्यात दिला निरो,
रात्रभर धोंड्याखाली निथळलेला बोंडूंचा रस.
'आत्तांच पी. दनपारां ताचें मन बदलता.'

आधी गोड, मग
कच्च्या सुपारीसारखी जिभेला ओढ.
दुसरा पेला मी मागितला नाही,
तिनं विचारलंही नाही;
ओतला.

एक थेंब शर्टावर.
'हो डाग वचचो ना,' म्हणाली. हसली नाही.

प्रवासभत्त्याच्या अर्जात त्याला रकाना नव्हता.

सांगोल्यात तीन धुणी झाली.
खिशाखाली तो आहेच, तपकिरी, वाटाण्याएवढा.
बायको लिंबू चोळतेय.
राहू दे, म्हणायचं
माझ्या ओठांवर कधीचं आलंय.