मेळा उठायच्या आत

कुशवाहजींनी बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ आत बघत राहिले,
एक्स-रे खिडकीकडे धरून मी बघते तसे.
मग दातांतला टॉर्च काढून म्हणाले,
“मॅडम, जान तो है अभी.”
हात पुसता पुसता पुढे:
“पर जान का क्या, जान तो सबमें होती है.”

शिंदे की छावणीतल्या त्या पत्र्याखाली
तीन पायांच्या स्टुलावर बसून
मी हिशेब मांडला,
कुणाच्या तरी मांडीच्या व्यायामाच्या कागदामागे.
रेडिएटर बेचाळीसशे. क्लच प्लेट साडेसहा हजार.
पुढचे बुश, दोन टायर,
डाव्या दाराचं कुलूप, जे आतूनच उघडतं.
आणि “खोलेंगे तो और निकलेगा”,
ही रक्कम कुठे लिहायची ते कळेना.
बदल्यात देतील पस्तीस. फार तर अडतीस.
कागदपत्रं अजून तीन वर्षं खरी आहेत.
गाडीचं सांगता येत नाही.

मेळा उठायला अकरा दिवस.
तोवर रोड टॅक्स निम्मा.
यासाठीच तर अख्खं ग्वाल्हेर
थकलेल्या गाड्यांना पुचकारत, दटावत
कशीबशी जानेवारी गाठतं.

फोनवर रेवा म्हणाली,
आई, गाडी म्हणजे काही माणूस नाही.
माहीत आहे गं.
माणसांचं मला सोपं जातं.

रविवारी जाऊन बसून आले एका नव्या गाडीत.
पांढरीशुभ्र, आत प्लास्टिकचा कोरा वास,
टेकले तोच ओरडली, पट्टा बांधा म्हणून.
मिसरूड फुटलेला सेल्समन हप्ते सांगत होता,
मागे आकाशपाळणा फिरत होता,
आणि माझा उजवा हात आपोआप
काचेच्या फटीत खोचलेली कार्डाची घडी चाचपत होता.
तिथे फट नव्हती.

माझी कधी ओरडली नाही.
आधी नुसता गोडसर वास यायचा, उकळल्या पाण्याचा,
मग काटा वर,
मग मी रस्त्याच्या कडेला, हातात बाटली,
आणि कुणीतरी थांबून हमखास सांगणार:
झाकण आत्ता उघडू नका, बाई.

रोज चार घरी मला हेच विचारतात.
गुडघा बदलू, की राहू दे आहे तसाच?
मी सांगते, किती दुखतं ते नका सांगू.
दुखणं काय, अंगवळणी पडतं.
कुठे जायचं सोडलंत, तेवढं सांगा.
तेव्हा शितोळेकाका गप्प होतात.
आधी गच्ची सुटलेली असते,
मग देऊळ,
मग पलीकडच्या गल्लीतला पत्त्यांचा डाव.
यादी करायला घेतली की स्वतःच दचकतात.

काल रात्री भांडी आवरताना
मला आठवल्या कुमुदिनी तांबे.
मांढऱ्याच्या देवीच्या चढावर घर,
अर्धांग, डावी बाजू,
संक्रांतीपर्यंत बोटं हलायला लागली होती.
त्यांच्या सुनेला मीच म्हणाले होते ना,
तुम्हीच खाली आणत जा त्यांना,
मला हल्ली चढाकडे वेळ होत नाही.

वेळ.

नळ तसाच वाहत राहिला.
त्या आल्याच नाहीत पुन्हा.
आणणार कशा?

सकाळी कुशवाहजींना सांगितलं, रेडिएटर नको.
बॅटरी दिवाळीतच बदलली आहे,
ती काढून तुमच्या पोराच्या व्हॅनला लावा,
माझी जुनी असेल तर द्या बसवून.
ते काही बोलले नाहीत.
बॉनेट आपटायचे एरवी,
आज दोन्ही तळव्यांनी हळूच दाबून लावलं.

तांब्यांकडे फोन केला. सुनेने उचलला.
सोमवारपासून येते म्हटलं, चढावर, घरी.
ती जरा थांबून म्हणाली, बोटं परत आखडलीत.

मागच्या सीटवर दोन बाटल्या भरून ठेवल्यात.
मेला ग्राउंडपर्यंत पुरतील.
सगळा रस्ता सपाट आहे.