करवतीचा कीस

चिलिकॉथीत मार्च म्हणजे चिखल.
सायोटो नदी पार्किंगपर्यंत येऊन गेली आहे
आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत मी
दोन हजार वर्षांच्या एका वाकसाला
कापसात बसवतेय.

बोटभर लांब. दांडा कधीच कुजून गेला.
कार्डावर कुणा कारकुनाचं तिरकं टायपिंग:
लोखंड, नग एक. उपयोग माहीत नाही.
उपयोग धारेवरच लिहिलाय की!
डावा कोपरा जास्त झिजलाय.
माणूस डावखुरा असेल, किंवा बाई असेल,
किंवा ते लाकूडच वाकडं.

सोनाराची टिकटिक आणि लोहाराचा एक घाव, असं आपण म्हणतो.
या लोहाराला तो एक घाव परवडणारा नव्हता.
आभाळातून पडलेला गोळा,
नदीतल्या गोट्यानं ठोकायचा, बहुतेक थंडच;
जरा जोरात बसला की भेग.
म्हणून टिकटिक. एक हिवाळा, कदाचित दोन.

१९३८ साली याची एक चकती कापली.
विद्यापीठातलं कुणीतरी; सही लागत नाही.
चकती तेजाबानं पुसली की आतली वीण वर येते,
चटईसारख्या तिरप्या रेघा,
लाखो वर्षं अंश-अंश निवताना पडलेल्या.
कडेला मात्र त्या वाकतात,
वाऱ्यातल्या गवतासारख्या.
तिथे गोटा बसला होता.
एकदा मी ते घाव मोजायला घेतले,
एकशे चाळीसवर चहा निवला.

आज विलेट डॉगर्टी आल्या, ओक्लाहोमाहून,
बारा तास गाडी हाकत, गुडघ्याला पट्टा,
शॉनी लोकांच्या वतीनं ताबा घ्यायला.
सहा फॉर्म. सह्या अठरा.
मी वाकस ठेवला, शेजारी चकती.
हातमोजे त्यांनी बाजूला सारले,
चकती उचलून कापल्या जागी लावली.
बसली. पण बसली नाही.
मधे फट, दोन पोस्टकार्डं जातील एवढी.
"आणि हे?"

करवतीच्या पात्याची जाडी, मी म्हटलं.
तेवढं जातंच.
"जातं कुठे?"

कापलं की कीस पडतो, हे मला शाळेपासून ठाऊक.
तो कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं.
रजिस्टरात वजनं आहेत, आधीचं आणि नंतरचं.
पावणेदोन ग्रॅम जुळत नाहीत.
त्यापुढे कोरा रकाना.

त्या वर कॉफी प्यायला गेल्या
आणि मी जुन्या वर्कशॉपचं दार ढकललं.
करवत कधीच भंगारात गेली, बाक तोच, ओकचा.
चुंबकाला रुमाल गुंडाळून
फळ्यांच्या फटींतून फिरवला.
रुमालाला करडी मिशी फुटली.

यात आभाळाचं किती, पिट्सबर्गचं किती,
चुंबकाला काय त्याचं.
निकेल मोजलं तर कळेल.
यंत्र सोमवारी मोकळं होतंय,
त्या आज संध्याकाळी निघणार.

पुरचुंडी बांधून वर गेले.
सगळं सांगितलं, पिट्सबर्गसकट.
त्यांनी ती तळहातावर घेतली,
वजन असं लागलंच नसणार,
तरी हात थोडा खाली गेला.

"थांबते सोमवारपर्यंत," म्हणाल्या.
"इथल्या मोटेलात गरम पाणी येतं ना?"