चार काळ्या

चर्चमागे, जांभळ्या आयर्नवीडवर
चार स्वॉलोटेल उतरल्या.
टेनेसीच्या या खोऱ्यात ऑगस्टभर त्याच.
"सगळ्या सारख्याच," मी म्हटलं.
वर्लीन मावशी हसली नाही.
"पंख मिटू देत. मग मोज."

नारिंगी ठिपक्यांची एकच ओळ, कमानीसारखी वाकलेली:
पाइपवाइन. विषारी.
हिला पाखरं तोंड लावत नाहीत,
म्हणून बाकीच्या तिघी
हिचाच झगा घालून हिंडतात.

दोन ओळी, आणि शेपटीशी नारिंगी डोळ्यात काळं बुबुळ:
ही तुझ्या आईच्या बडीशेपेवर वाढलेली.
जूनमध्ये अळीला डिवचलं होतंस ना,
दोन दिवस बोटांचा वास गेला नव्हता.

ओळच नाही?
मग उन्हाच्या बाजूला जाऊन बघ.
काळ्याखाली पट्टे दिसतील, पुसट,
पिवळ्या वाघांची काळी बहीण ही.

चौथीपाशी मावशी थांबली.
हिच्याही दोन ओळी.
पण आतल्या ओळीत एक ठिपका नाही,
तिथे नुसती निळी धूळ, फरपटत गेल्यासारखी.
"स्पाइसबुश," म्हणाली.
"ही नसलेल्यावरून ओळखायची."

आत ऑर्गन सुरू झाला.
पहिल्या बाकावर इमोजीन मावशी, ओपल मावशी,
दोघी काळ्यात,
आणि मध्ये कुणी न सांगता सोडलेली
एक जागा.

वर्लीन मावशी गेली,
त्या जागेच्या पलीकडे बसली.
मी बाहेरच.
त्या काळ्या वाघिणीचे पट्टे
मला अजून दिसायचे होते.