नग एक, जिवंत

एलिकुट्टी सिस्टर रिटायर झाली त्या मार्चात
माह्या खोपटात आली, हाती कागद.
भोजराज, पेटी पाहिजे. कुत्र्याची.
म्या म्हटलं, मेलं का कुत्रं?
नाई रे, इमानानं नेतो त्याले, कोचीनले.
सव्वीस वर्षांत तिची बोली आमचीच झाली होती,
फक्त उपासाले मासे खाये.

आमच्याकडं विमानाले इमान म्हनतेत.
कुत्र्यापाशी ते असतेच.
पन त्याचंही भाडं असते
हे त्या दिवशी समजलं.

कागद तिनं वाचून दाखवला:
जनावराले उभं राहता आलं पाहिजे,
पुरं वळता आलं पाहिजे,
पाय तानून झोपता आलं पाहिजे.
म्या तिसऱ्यांदा वाचाले लावलं.
माहा पोरगा पुन्याले एका खोलीत सहावा रायते,
त्याले दाखवाव म्हटलं हा कागद.

तिचं तिकीट सात हजार.
टेंभरूचं, पेटीसकट, किलोच्या हिशेबानं, सोळाच्या वर.
वरून टोचन, गुरांच्या डाक्तरचा दाखला,
नागपूरपर्यंत गाडी.
सरपंच म्हने, बाई, एवढ्यात म्हैस येते.
ती म्हने, म्हैस कोन नेऊन रायलं?

म्या जलमभर जड कामं केली.
दारं, खाटा, बंडीचं जू.
लोक म्हनत, भोजा, मजबूत कर.
ही पयलीच, म्हने हलकं कर.
रंधा मारला, पुन्हा मारला,
एकेक छिलपा उडे तसा
मी रुपये मोजत होतो.
संध्याकाळी पायापाशी सहाशेचा ढीग
आन् पेटी अशी, की फुंकलं तर हालन.
मजुरी घेतली. पुरी.
खोटं काहून बोलू.

टेंभरूले तोलाले काटा कोनता?
दवाखान्यात लेकरं तोलतेत तोच,
पंचवीस किलोचा, आढ्याले टांगलेला,
खाली निळी झोळी.
माहा पोरगा तिच्यात पावने दोन भरला होता.
सिस्टर म्हने, जगते.
जगला.

टेंभरू झोळीत चार पाय लोंबवून,
मान पाडून,
कोनाची कोंबडी खाल्ल्यासारखा.
अठरा किलो सातशे.
बाळंतिनी हसल्या,
एकीचे टाके दुखले.
रजिस्टरात नोंद नाई.

निघाची येळ झाली तशी पेटीपाशी गर्दी.
लीलाबाई गेडामनं जुन्या लुगड्याची घडी टाकली,
कोनी तांदळाची भाकर, कोनी सुकट फडक्यात बांधून,
पार्बतानं तिच्या पोराचं कानटोपडं.
हेच पोरगं आडवं आलं होतं,
सिस्टरनं रात्रभर हात घालून फिरवलं.
कानटोपडं कुत्र्याले कशाले, कोनी इचारलं नाई.

उमरेडले चहा. टेंभरू उतरला, एका खांबावर मुतला,
आन् जसं गाव हाय इथंच, असा बसला.

इमानतळावर काटा सपाट, आकडे लाल.
नऊशे ग्राम जास्ती.
कोटवाला पोरगा म्हने, काढा ना मॅडम काही.
सिस्टरनं आत हात घातला,
लुगड्याले लावला,
आन् तसाच बाहेर काढला.
पर्समधून पैसे देले, मोजले नाईत.

पावती पोरानं वाचून सांगतली.
माल, कुत्रा. नग, एक. जिवंत.
सागवानाच्या, खिळ्यांच्या, रंगाच्या
एवढ्या पावत्या घरी दोऱ्यात ओवल्या हायेत,
जिवंत लिवलेली नाई एकही.
म्या ती मागनार होतो.
तिले लागन म्हनून गप रायलो.

आता नवी सिस्टर आली, वर्ध्याकडची.
झोळी धुतली, केस निघाले, तोंड वाकडं केलं.
पन काट्याची स्प्रिंग जी तानली ती तानली,
सुई शून्यावर येतच नाई,
पाव किलोवर थांबते.
दुरुस्तीचा अर्ज केला म्हने तालुक्याले.
तोवर कागदावर
गावची सारी लेकरं
पाव किलोनं सुधरली हायेत.