पस्तीस बाय पंचेचाळीस

हसू नको, म्हणलो.
दोन्ही कान दिसू दे. मागं सावली नको.
दात दिसले की परत पाठवतेत.
तबस्सुम म्हणली, काका,
नर्सिंगच्या फॉर्मला तर तुम्हीच म्हणलते, जरा हस.

उदगीर ते लातूर, आठवड्याला तीन खेपा,
एसटीत खिडकीकडं तोंड करून
जर्मन घोकायची.
कंडक्टरला वाटायचं, पोरगी दुवा मागायली.

सहा प्रती काढल्या. पाच लागल्या.

आता तिकडं म्हाताऱ्यांच्या घरात ड्युटी,
रात्रीची जास्त.
पहिल्या पगारात अब्बाची कवळी झाली;
ते आता फोटोला तोंड मिटत नाहीत.

एक आजोबा हाय म्हणे, सत्त्याण्णवचा.
रोज तिला नवीन समजतो,
रोज नाव विचारतो. ही रोज सांगती.
मग त्याच्या बोलीत पुसती,
कुठं दुखायलंय?
तो म्हणतो, तू सांग आधी.

सहावी प्रत माझ्या गल्ल्यात,
सुट्ट्या पैशाखाली.
ओठ मिटलेले, मान सरळ, सगळं नियमात.
फक्त डाव्या कानामागं
बारीक सावली राहून गेलेली.
माझ्याच हातून.
तिकडच्या सायबाला दिसली नाही.