यादी भाग ११७

नाल्याच्या अलीकडे टेंभरी खुर्द,
पलीकडे टेंभरी बुद्रुक.
मधे हिवाळ्यात टोंगळाभर पाणी,
उन्हाळ्यात नुसती रेती आणि शेरडांच्या लेंड्या.
गुरं एकाच गायरानात, मढी एकाच घाटावर,
शाळा एक, शाळेत मास्तरीण एक : मी.
म्हणून मतदारयादीही माझ्याच गळ्यात.

त्या वर्षी तहसिलात नकाशा आला.
नायब तहसीलदारांनी टेबलावर पसरला,
एका टोकावर चहाचा कप, दुसऱ्यावर स्वतःचा हात.
नाल्यावरून लाल रेघ गेली होती,
नाल्यासारखीच वाकडीतिकडी,
कोणीतरी मन लावून काढलेली.
"खुर्द तिकडं गेलं, बुद्रुक इकडं.
बोरगव्हाण मतदारसंघ रद्द."
रेशनकार्डावरून मेलेलं नाव कमी करावं
इतक्या सवयीनं म्हणाले, रद्द.

गावात सांगितलं तेव्हा
कवडूजी गेडाम, जुने कोतवाल,
चिलीम खाली ठेवून हसले.
"पह्यले बाप्पा आमची राजधानी नागपूर.
मंग मुंबई झाली, आमी झोपेतच होतो.
सकाळी उठलो तं गाव तिथंच,
राजधानी तेवढी हालली.
माह्या आज्याच्या टायमाले
नदीपल्याडची बायको केली का लोक म्हनत,
पोरानं मोगलाईतून आनली.
नदीले मातर कोनी इचारलं नाही."

मग थोडा वेळ गप्प.
"पन बाई, बोरगव्हाण नाही म्हंता,
तं अनसूयाबाई कुठून पडल्या होत्या?"

अनसूयाबाई तिजारे. अपक्ष. चिन्ह शिडी.
आणीबाणीनंतर उभ्या राहिल्या,
बैलगाडीतून फिरल्या,
आणि अकरा मतांनी पडल्या.
मत द्यायचं राहून गेलेले अकरा जण
कवडूजींना नावानिशी पाठ.
अकरावे ते स्वतः :
साळ्याच्या लग्नात पंगतीला वरण वाढत होते,
परतले तोवर पेटीला लाख लागली होती.
तीस वर्षं हा माणूस
एक मत खिशात घेऊन फिरतोय,
आणि आता ते टाकायचं ठिकाणच
नकाशावर नाही.

रपट्यासाठी आम्ही दोन अर्ज केले, दोन आमदारांना.
एकाचं उत्तर आलं : अर्धा रपटा माझ्या हद्दीत नाही.
दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही,
थेट भूमिपूजनच केलं, स्वतःच्या काठावर.
तिथं एक खांब उभा आहे.
त्यावर खंड्या बसतो,
दोन्ही मतदारसंघांतल्या मासोळ्या धरतो.

मागच्या पुरात नाल्यानंच कूस बदलली,
जिभकाट्यांच्या तुरीतून नवी वाट काढली.
रेघ राहिली जुन्या जागी. तिच्यावर आता बेशरम फुलते.
सात घरं अशी, की यादीत पल्याडची,
चिखलात अलीकडची.
पलीकडं मत द्यायला जाताना
बाया लुगडं टोंगळ्यावर धरतात आणि
मला शिव्या घालतात, आयोगाला नाही.
आयोग कुठं राहतो त्यांना ठाऊक नाही.
माझं घर ठाऊक आहे.

कवडूजी दर मतदानाला सकाळीच यायचे.
"बोरगव्हाणची चिठ्ठी हाय का?"
"नाही बाप्पा, ही नवी."
"बरं, थे द्या."
टोपीत खोचून रांगेत पहिले उभे राहायचे,
लग्न असो, मयत असो.

परवा पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले.
नाव कमी करायचा नमुना मीच भरला.
वय, घर क्रमांक, नातं.
मतदारसंघाच्या रकान्यात
हात आपोआप बोरगव्हाण लिहून गेला.
तहसिलातून कागद परत आला,
लाल पेनानं गोल करून : असा मतदारसंघ अस्तित्वात नाही, दुरुस्त करून पाठवा.

पाठवीन.
सध्या खणात आहे, खडूच्या डब्याखाली.
यादीत ते अजून आहेत,
अनुक्रमांक चारशे बारा.